ते छायाचित्र नव्हे, कल्पनाचित्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘डब्ल्यू २२४६-०५२६’ या अतिशय तेजस्वी दीर्घिकेवरचा मजकूर वाचला. असा विषय मराठीत आला याचा फार आनंद झाला. मात्र सोबतच्या चित्राखाली ‘दुर्बिणीने टिपलेले छायाचित्र’ असे छापले आहे, ते चुकीचे आहे. ते चित्रकाराने काढलेले कल्पनाचित्र आहे. माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणारी आठवीतली मुलगी ते कात्रण वहीत चिकटवून घेऊन आली. म्हणाली, ‘‘बाई, एवढी झगझगीत आहे, तर इतकी वर्षं कुणाला कशी दिसली नाही?’’

कारण ती धुळीत बुडालेली आहे. मधल्या महाकाय कृष्णविवरात पडणारा वायू गरगरताना प्रचंड तापतो, उजळतो. तो उजेड भोवतालची धूळ शोषून घेते आणि तापून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर टाकते. (खाणीच्या ट्रकांमागे आमच्याकडे पानांवर बसते तशी ही धूळ नव्हे, धुरासारखी बारीक असते.)

मुलांना मी चुलीवरून समजावले. आई रात्री करवंट्यांचे निखारे राखेत पुरून ठेवायची. पहाटे बघावे तर नुसती करडी राख. पण वर तळवा धरला की ऊब लागायची, आणि तिथेच माडाचे सुके चुडत (झावळी) टेकवून फुंकले की भपकन पेट घ्यायचे. ‘नासा’च्या ‘वाइज’ या अवकाश दुर्बिणीने आकाशावर तसाच तळवा धरला. डिसेंबर २००९ मध्ये सोडलेल्या, जेमतेम ४० सेंटिमीटरच्या या दुर्बिणीने २०१० मध्ये सगळे आकाश अवरक्तात पाहिले. त्यातून अशा राखेखालच्या हजारभर दीर्घिका हाती लागल्या. आपण छापलेली त्यांपैकीच. तिचे तेज सुमारे ३५० लाख कोटी सूर्यांइतके असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. पुढे चिलीतल्या ‘आल्मा’ दुर्बिणींनी दाखवले, की ती शेजारच्या तीन लहान दीर्घिकांतला मालही ओढून घेते आहे. तिचा हा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १२४० कोटी वर्षे लागली.

‘वाइज’च्या खऱ्या चित्रात ती एक ठिपका आहे. तो ठिपकाही छापा. मुलांना तो बघायचा आहे, आणि मलाही.

त्या मुलीने कात्रणाखाली पेनने ‘कल्पनाचित्र’ असे लिहिले आहे. शेजारी खुलासा चिकटवायला तिने अर्धे पान कोरे ठेवले आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
मये, डिचोली (गोवा)