सूचना : आवारातील मुंगसांबाबत

सर्व सभासदांसाठी,

आवारात मुंगसं दिसत आहेत. घाबरू नका आणि त्यांना हुसकावूही नका. उंदीर, पाली, किडे, क्वचित साप हे त्यांचं खाणं. माणसापासून ती स्वतःच लांब राहतात.

त्यांना खाऊ घालू नका, ही मुख्य विनंती. माणसाच्या हातून खायची सवय लागली की मुंगूस धीट होतं, घरात शिरतं आणि मग चावतं. मुंगूस दिवसा फिरतं, त्यामुळे कुत्र्या-मांजरांच्या ताटल्या रात्री नव्हे, तर खाणं संपताच उचला. कचऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसायला हवं.

कोंबड्या पाळणाऱ्यांनी षटकोनी जाळीवर विसंबू नये, ती वाकते आणि पंजा आत जातो. 12 मिमीची वेल्डेड जाळी लावा. मुंगूस उकरून आत येतं, म्हणून जाळी 30 सेंमी जमिनीत गाडून खालची कड बाहेरच्या बाजूला वळवा.

जिन्याखालचं बीळ लगेच बुजवू नका, आत पिल्लं असू शकतात. तोंडाशी वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवा. तीन दिवस तो हलला नाही, तरच बीळ बंद करा.

उंदरांसाठी विष टाकणं कृपया थांबवा. विष खाल्लेला उंदीर मुंगसाच्या पोटात जातो आणि तेही मरतं. सापळे वापरा.

चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जा. जखम लहान असली तरीही.