सभागृहाच्या रॅकची नोंदवही कुठे आहे?

संपादक महोदय,

सोलापुरातील सभागृहे, महाविद्यालये आणि आता मंगल कार्यालयेही दृकश्राव्य यंत्रणेवर सढळ हाताने खर्च करू लागली आहेत. एलईडी वॉल, दोन-तीन कॅमेरे, रेकॉर्डिंग, बाहेरच्या मांडवातला पडदा आणि या सगळ्याच्या मधोमध, उपकरणांच्या कपाटात म्हणजे रॅकमध्ये, मॅट्रिक्स स्विचर: कोणत्याही इनपुटचे चित्र कोणत्याही आउटपुटला देणारी पेटी. पण स्विचरच्या कुठल्या इनपुटला काय जोडले आहे आणि कुठले आउटपुट कुठे जाते, याचा कागद मागितला तर तो सहसा निघत नाही. माहिती असते ऑपरेटरच्या डोक्यात. तो रजेवर गेला किंवा चांगल्या पगारासाठी पुण्याला गेला, की लाखोंची यंत्रणा अंदाजाने चालते. जानेवारीत गड्डा यात्रा, १२ तारखेचे हुतात्मा दिनाचे कार्यक्रम आणि स्नेहसंमेलने एकामागोमाग येतात. त्या गर्दीत अंदाजावर भागत नाही.

आठ इनपुट आणि आठ आउटपुटचा साधा स्विचर घ्या. प्रत्येक आउटपुटला आठपैकी कोणतेही इनपुट देता येते. म्हणजे एकूण मांडण्या १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. बटणे दाबत बसून यातली हवी ती सापडत नाही. त्यातून चित्र दिसले नाही, तर जोडणी चुकली, केबल गेली की सेटिंग बदलले, हेही कळत नाही.

म्हणून नोंद कशी असावी, ते एका ओळीच्या उदाहरणाने सांगतो. ‘इनपुट ३, पोडियमचा लॅपटॉप, प्रेक्षकांतून पाहता मंचाच्या डावीकडचा फ्लोअर बॉक्स, एचडीएमआय, पुढे एचडीबेसटी ट्रान्समीटर, केबल व्ही-०३, १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ, ईडीआयडी कायम १०८०पी व दोन चॅनेल आवाज, एचडीसीपी बंद, आवाज मिक्सरच्या ११-१२ चॅनेलवर.’ (एचडीबेसटी म्हणजे नेटवर्कसारख्या केबलवरून चित्र लांब नेण्याची पद्धत; ईडीआयडी आणि एचडीसीपी काय, ते पुढे येते.) यातला एकही शब्द गाळण्यासारखा नाही. ‘प्रेक्षकांतून पाहता’ हे लिहायलाच हवे, कारण मंचावर उभ्या असलेल्या माणसाचे डावे प्रेक्षकांचे उजवे असते आणि घाईत केबल नेमकी उलट्या टोकाला शोधली जाते.

सर्वाधिक घोळ ईडीआयडीचा. पडदा किंवा प्रोजेक्टर आपल्याला कोणते रिझोल्यूशन आणि कोणता आवाज झेपतो, हे ज्या छोट्या माहितीतून लॅपटॉपला कळवतो, ती ही ईडीआयडी. मधे स्विचर आला की लॅपटॉपला ही माहिती पडदा देत नाही, स्विचर देतो. पुष्कळ स्विचरमध्ये ती एखाद्या आउटपुटवरून नक्कल करण्याची सोय असते. समजा, बसवताना ग्रीनरूममधल्या फोर-के टीव्हीची नक्कल झाली. मग लॅपटॉप फोर-के पाठवतो, टीव्हीवर चित्र झकास दिसते आणि स्केलर (चित्राचे रिझोल्यूशन व हर्ट्झ बदलणारा भाग) नसलेल्या आउटपुटवरचा, फोर-के न झेपणारा मुख्य प्रोजेक्टर ‘नो सिग्नल’ म्हणतो. दोष कुठेच नसतो, तरी केबल बदलल्या जातात. बहुतेक हॉलसाठी सर्व इनपुटवर १०८०पी, ६० हर्ट्झ, दोन चॅनेल आवाज अशी कायम ईडीआयडी ठेवणे आम्हाला योग्य वाटते. वेगळी ठेवली असेल, तर का ठेवली, तेही त्याच ओळीत लिहावे.

एचडीसीपी म्हणजे नक्कल रोखण्यासाठी चित्रावर घातलेले कुलूप. काही लॅपटॉप, विशेषतः मॅकबुक, पुढचे उपकरण एचडीसीपी स्वीकारते असे दिसले की साध्या सादरीकरणालाही कुलूप लावतात. वॉलवर चित्र दिसते, रेकॉर्डरवर मात्र काळे येते आणि ते कळते कार्यक्रम संपल्यावर. ज्या इनपुटवरून रेकॉर्डिंग होते, तिथे स्विचरमध्ये एचडीसीपी बंद ठेवावे. त्या इनपुटवर संरक्षित चित्रपट चालणार नाही, हेही नोंदवावे, नाहीतर पुढचा माणूस नेमके तेच सेटिंग ‘दुरुस्त’ करून ठेवतो.

कॅमेऱ्यांच्या ओळीत ५० हर्ट्झ की ६०, म्हणजे सेकंदाला किती चित्रे, हे लिहा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांची लुकलुक टाळायला कॅमेरे ५० वर ठेवणे बरे. लॅपटॉप ६० वर असतो. दोन्ही एकाच वॉलवर न्यायचे, तर बदल कुठे होतो, स्विचरमध्ये, वेगळ्या स्केलरमध्ये की वॉलच्या प्रोसेसरमध्ये, हे ठाऊक हवे. प्रोसेसरमुळे चित्र उशिरा येते. ५० हर्ट्झला दोन फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. चित्राशी जुळावा म्हणून आवाजाला दिलेला डिले (मुद्दाम केलेला उशीर) आउटपुटच्या ओळीत लिहिला नसेल, तर मिक्सर बदलल्यावर वक्त्याचे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. आवाज चित्रासोबत जातो की वेगळा वळवला आहे, हा रकानाही स्वतंत्र असावा.

केबलची लांबी नोंदवणे लोकांना जास्तीचे काम वाटते. पण एचडीबेसटीची क्लास ए उपकरणे १०८०पी साधारण १०० मीटर नेतात आणि क्लास बीची ७०. मधले पॅचपॅनल आणि जोड या हिशेबात खातात. दुरुस्तीत ए काढून बी बसवले आणि केबल ८५ मीटरची निघाली, तर चित्र अधूनमधून जाते. शिवाय एचडीबेसटीचे सॉकेट दिसायला अगदी नेटवर्कसारखे असते. त्यावर ‘नेटवर्क नव्हे’ असे ठळक लिहा. त्यातून वीजही जात असेल, तर चुकीचे उपकरण जोडल्यास ते निकामी होऊ शकते.

लेबलांबद्दल सोलापूरपुरते सांगणे आवश्यक आहे. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीपार तापमान आणि त्यात बंद रॅक. सेलोटेप पिवळी पडून गळते, मार्करचे अक्षर घामट हाताने पुसले जाते. केबलला वेढा घालून स्वतःच्याच पारदर्शक टोकाखाली झाकले जाणारे छापील लेबल वापरावे, दोन्ही टोकांना तोच क्रमांक, टोकापासून चार बोटे आत. वीज गेल्यावर स्विचर काय करतो, तेही लिहा. काही स्विचर शेवटची मांडणी लक्षात ठेवतात, काही ‘एकाला एक, दोनाला दोन’ अशा मूळ मांडणीवर जातात. यूपीएस नसलेल्या रॅकला ही एक ओळ फार उपयोगी पडते.

नोंद तयार करणे अवघड नाही. आधी रॅकचे पुढून-मागून फोटो काढावेत, तोवर एकही केबल काढू नये. मग एक माणूस रॅकशी, एक हॉलमध्ये. खात्रीचे एक इनपुट, म्हणजे कलरबार (रंगपट्ट्यांचे चाचणीचे चित्र) आणि सोबत १ किलोहर्ट्झचा आवाज, पाळीपाळीने आठही आउटपुटला द्यावे. नंतर आठही इनपुट एका खात्रीच्या आउटपुटवर आणावेत. चौसष्ट जोड्या तपासाव्या लागत नाहीत, सोळा तपासण्यांत ओळख पटते. नेहमीच्या जोड्या मात्र खऱ्या लॅपटॉपने आणि खऱ्या कॅमेऱ्याने पुन्हा पाहाव्यात. प्रीसेटची (जतन केलेल्या मांडण्यांची) नावे, आयपी पत्ता, बॉडरेट (कंट्रोल केबलवरचा माहितीचा वेग) आणि फर्मवेअरची (उपकरणातल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती लिहावी; पासवर्ड रॅकवर न चिकटवता कार्यालयात बंद पाकिटात ठेवावा. काही कंट्रोल सॉफ्टवेअर इनपुट शून्यापासून मोजतात, तिथे रॅकवरचा ३ पडद्यावर २ दिसतो; दोन्ही आकडे शेजारी हवेत. सेटिंगची फाइल काढून ठेवावीच, पण स्विचर जळून दुसऱ्या कंपनीचा आला तर ती फाइल चालत नाही. तेव्हा छापील तक्ताच कामाला येतो. तो लॅमिनेट करून रॅकच्या दाराला आतून लावावा आणि त्यावर तारीख व बदल करणाऱ्याची सही असावी.

बाहेरून येणारे डेकोरेशनवाले आणि शूटिंगवाले आपली केबल लावायला आपल्यातली काढतात. त्यांच्यासाठी एक इनपुट आणि एक आउटपुट ‘पाहुणा’ म्हणून मोकळे ठेवावे. कार्यक्रम संपला की ‘नेहमीची मांडणी’ हा पहिला प्रीसेट लावूनच कुलूप घालावे.

महापालिका, शिक्षणसंस्था आणि विश्वस्त मंडळांना आमची मागणी आहे, की निविदेतच ही नोंदवही पुरवण्याच्या यादीत घालावी आणि ती मिळाल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल काढू नये. तपासणीही सोपी आहे. हॉल कधीही न पाहिलेल्या जाणकाराच्या हाती कागद द्यावा आणि पोडियमचा लॅपटॉप वॉलवर व रेकॉर्डरवर एकाच वेळी आणायला सांगावे. त्याला फोन करून विचारावे लागले, तर नोंद अपुरी आहे. जिथे यंत्रणा आधीच बसली आहे, तिथे पितृपंधरवड्यात बुकिंग कमी असते. दोन माणसांना एक दिवस देऊन हे काम तेव्हा उरकता येईल.

– दृकश्राव्य क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, सोलापूर