मा. शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र : चौथीनंतर पोरांना झोपेची गरज नसते का?

साहेब, नमस्कार. सोलापुरातून लिहितोय.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं जीआर काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांच्या झोपेचा विषय काढला होता त्यावरून, चांगलंच झालं, पण मग पाचवीपासून पुढच्यांचं काय? माझी पोरगी नववीत आहे, शाळा सातची, रिक्षावाले मामा सव्वासहाला गल्लीच्या तोंडाशी हॉर्न मारतात. ही एका हातानं वेणी धरून दुसऱ्या हातानं चहात पाव बुडवत असते, डोळे मिटलेलेच, आणि पहिला तास गणिताचा. काय डोक्यात शिरणार सांगा की.

लोक म्हणतात मोबाईलमुळं जागतात. मोबाईल आहेच, दहाला मी काढून घेतो, तरी झोप नाहीच. कारण वयात येताना अंगातलं घड्याळच पुढं सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटायला लागतं, त्यामुळं अकराच्या आत बऱ्याच पोरांचा डोळाच लागत नाही. ह्या वयाला ८ ते १० तास झोप पाहिजे आणि अकरा ते साडेपाच मोजा, साडेसहा तास. वाढीचं हार्मोन जास्त करून गाढ झोपेत सुटतं, दिवसभर वाचलेलं पक्कं बसतं ते पण झोपेतच, आणि रोज झोप कमी पडली की चिडचिड, अवेळी भूक, सारखी सर्दी, अन् असंच चालू राहिलं तर पुढं शुगर-बीपीचा धोका. आपण आधी झोप मोडतो, मग अभ्यासात लक्ष नाही म्हणून ट्यूशन लावतो, ती पण रात्री साडेआठपर्यंत!

त्यात आमचं सोलापूर. पूर्व भागात लूमची खटखट, उन्हाळ्यात पत्र्याचं घर मध्यरात्रीपर्यंत तापलेलं, आणि पाणी काही दिवसांआड, ते रात्री आलं की अख्खं घर घागरी-बॅरल घेऊन उठतं. सकाळी शाळा तर सातलाच.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ लाच सांगितलं होतं की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको, कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलला तसा कायदाच लागू आहे.

अडचणी कळतात. मार्च-एप्रिलमध्ये सकाळचीच शाळा बरी, चाळीसच्या वर पारा असताना दुपारी लेकरं कोण पाठवेल. एका इमारतीत दोन शिफ्ट चालतात, खोल्या नाहीत, खरं दुखणं हेच आहे आणि ते नुसत्या जीआरनं जाणार नाही, खोल्यांना पैसे द्यावे लागतील. ते होईपर्यंत निदान जिथं जागा आहे तिथं तरी जून ते फेब्रुवारी पाचवी ते दहावी साडेआठच्या आधी नको, एवढं लेखी काढा. आणि काढायचं तर मेच्या आत काढा, जूनमध्ये वेळापत्रक, रिक्षा, ट्यूशन सगळं ठरून गेलं की शाळावाले म्हणतात आता पुढच्या वर्षी बघू.

आपला,
नववीतल्या एका पोरीचा बाप, सोलापूर