तार कापू नकोस

बडोदे, २२ जानेवारी २०२५

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला तू आला नाहीस म्हणून तिळाच्या वड्या कुरिअरने पाठवल्यात. मिळाल्या की कळव.

रविवारी फोनवर तू गावाबद्दल इतक्या भरात बोलत होतास की मला मध्ये तोंड घालावंसं वाटलं नाही. बारा शेतकरी, नऊ विहिरी, सगळ्यांची मिळून साठ किलोवॅटची सोलर, आणि सगळं त्यांच्याच मालकीचं. नानांनीसुद्धा हो म्हटलं हे ऐकून मला भरून आलं. लग्नानंतर पहिल्यांदा खटावला त्या माळावरच्या घरी गेले तेव्हा दोन हंड्यांत सगळ्या घराच्या अंघोळी उरकायच्या. त्या गावात कुणी वीज तयार करायची गोष्ट काढेल, आणि तो माझा मुलगा असेल, असं तेव्हा मनातही आलं नसतं.

पण शेवटी तू म्हणालास, "गाव स्वयंपूर्ण झालं की वीज कंपनीची तार कापून टाकू." ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. बाकी सगळं कर, तेवढं करू नकोस. फोनवर आकडे सांगितले की हवेत जातात, म्हणून लिहून पाठवते आहे.

चौतीस वर्षं मी आधी जीईबीत (गुजरातच्या वीज मंडळात) आणि २००५ नंतर तिच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या तेव्हा मध्य गुजरातच्या कंपनीत, बिलांच्या टेबलावर काढली हे तुला माहीतच आहे. शेतीपंपाची बिलं दोन तऱ्हांची असायची. एक मीटरवर, एक हॉर्सपॉवरवर. हॉर्सपॉवरवाल्याला मीटरच नसे. पंप तासभर चालवा की दिवसभर, पैसे तेवढेच. २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत शेतीचे फीडर, म्हणजे वीज आणणाऱ्या लाइनी, वेगळे झाले आणि शेतीला आठ तास लाइट मिळू लागली, तीही पाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की लोक ऑटो स्विच लावून झोपायचे. लाइट येईल तेव्हा मोटर आपोआप सुरू. पाणी वाफे भरून बांधावरून वाहून गेलं तरी सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. दोष शेतकऱ्याचा नव्हता. मोटर बंद करून त्याच्या हातात काहीच पडत नव्हतं, मग तो रात्री साप-विंचवातून उठून बंद करायला जाईल कशाला?

आता हे सोलरच्या पंपाला लावून बघ. नानांनी "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत अर्ज केलाय म्हणालास. दहा टक्के रक्कम भरून पंप मिळतो आणि दिवसा पाणी देता येतं, हे मोठंच सुख आहे, ते मी नाकारत नाही. पण तो पंप तारेला जोडलेला नसतो. पाणी हवं तेव्हा वीज कामाला येते; पाऊस नुकताच होऊन गेलाय, पीक काढून झालंय, अशा दिवसांत पॅनेल उन्हात नुसती तापतात. मग माणूस म्हणतो, फुकट आहे तर चालू दे. खटावच्या विहिरींना हे परवडणार आहे का?

म्हणून मला ढुंडीची आठवण झाली. २०१७ साली आम्ही ऑफिसातल्या चौघीजणी पौर्णिमेला डाकोरला गेलो होतो. रणछोडरायांचं दर्शन झालं, गोटे (तिथली भजी) खाऊन झाले, आणि मग आमच्यातली एक म्हणाली, इथून जवळच ते सोलरचं गाव आहे, आपल्याच कंपनीशी त्यांचा करार आहे, बघून येऊ. खेडा जिल्हा, ठासरा तालुका. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी २०१६ साली ढुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी काढली होती. सौर पंपांची अशी सहकारी संस्था जगात पहिलीच म्हणतात. आधी हे सगळे डिझेल इंजिनावर पाणी काढायचे. आणंदच्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेतले तुषार शाह आणि त्यांचे सहकारी यांची ती कल्पना: वीज हेही शेतातलं एक पीक समजायचं. लागेल तेवढी स्वतःच्या पंपाला, उरलेली विकायची.

आम्ही गेलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. एका शेतात मोटर चालू होती. पॅनेल उंच सांगाड्यावर, खाली सावलीत भाजीचे वाफे. मालकाने शेवटच्या वाफ्यात पाणी पोचलंय का ते वाकून पाहिलं, येऊन स्विच पाडला आणि मला म्हणाला, "बेन, हवे मीटर जुओ." ताई, आता मीटर बघा. मीटरवरचा तांबडा दिवा आतापर्यंत सावकाश लुकलुकत होता, तो भराभर लुकलुकू लागला. बारीकशी गोष्ट. पण मी तिथे पाच मिनिटं उभी राहून ते बघत होते. मोटर बंद केली म्हणून शेतकऱ्याला पैसे सुरू झाले, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा पाहिलं. कंपनी युनिटला ४.६३ रुपये देत होती, २५ वर्षांच्या करारावर. वर आणंदच्या त्या संस्थेने स्वच्छ विजेसाठी १.२५ आणि पाणी वाचवल्याबद्दल १.२५ असे जादा ठेवले होते. म्हणजे सात रुपयांच्या वर. पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारने सूर्यशक्ती किसान योजना आणली, तिचं मूळ हेच.

आता सांग, तिथली तार कापलेली असती तर दुपारी बारा वाजता त्या विजेचं काय झालं असतं?

तू म्हणशील, बॅटरी. बॅटरीचा खर्च तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस, पण बिहारमधल्या धरनईची गोष्ट एकदा बघ. जहानाबाद जिल्ह्यातलं गाव, २०१४ मध्ये १०० किलोवॅटचं सोलर आणि बॅटऱ्या बसल्या, गावभर कौतुक झालं. काही काळाने सरकारी लाइट स्वस्तात आली, बॅटऱ्या थकल्या, नव्या कोण घेणार हा प्रश्न कुणी आपला मानला नाही, आणि ते सगळं बंद पडलं. मला त्या गावाचं वाईट वाटतं, कारण लोकांनी मनापासून केलं होतं. आणि दुसऱ्या टोकाला डेन्मार्कचं साम्सो बेट घे. चारएक हजार वस्ती. जमिनीवर ११ पवनचक्क्या, समुद्रात १०, आणि त्यांतल्या बऱ्याच तिथल्या शेतकऱ्यांच्या, रहिवाशांच्या भागभांडवलातून उभ्या राहिल्या. बेट स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज काढतं, पण समुद्राखालून किनाऱ्याकडे जाणारी केबल तशीच आहे. वारा जोरात असला की तिकडे वीज जाते, पडला की तिकडून येते. त्यांना कुणी परावलंबी म्हणत नाही.

आपल्या गच्चीवरचंच बघ ना. लाइट गेली की आपली तीन किलोवॅटची सोलरही बंद पडते, तेव्हा शेजारच्या काकू दर वेळी विचारतात, ऊन आहे तर तुमचे पंखे का थांबले? सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारी पेटी, मुद्दाम तसा केलेला असतो. लाइन बंद आहे समजून एखादा लाइनमन खांबावर चढलेला असतो, त्याच्या हातात आपल्या गच्चीवरची वीज जाऊ नये म्हणून. गावात हे आधीच सगळ्यांना समजावून सांग. नाहीतर पहिल्यांदा लाइट गेली की लोक म्हणतील, पोराने फसवलं.

तर तार राहू दे. तारेच्या अलीकडे काय आहे त्याची मालकी पक्की कर. माझ्या मते स्वयंपूर्ण होणं ते आहे, आणि तिथेच खरं काम आहे.

ढुंडीत कंपनीचा मीटर एकच होता, मंडळीच्या हद्दीवर. सगळ्या सभासदांची वीज एकत्र होऊन तिथून बाहेर जायची, कंपनी तेवढंच रीडिंग घ्यायची आणि तेवढेच पैसे द्यायची. आत कुणाची किती हे मंडळीने आपल्या मीटरांवरून ठरवायचं. मी टेबलावरची बाई, मला लगेच प्रश्न पडला: आतल्या मीटरांची बेरीज १०० युनिट आली आणि वेशीवरच्या मीटरने ९६ दाखवले, तर ते चार कुणाच्या खात्यात? तारेत थोडी वीज जातेच. ज्याचं शेत वेशीपासून लांब त्याची जास्त जाते. हे चार युनिट कसे वाटायचे ते पहिल्याच बैठकीत लिहून सही घ्या. चार युनिटांवरून भाऊ भावाशी बोलेनासा झालेला मी खिडकीतून पाहिलाय.

आणखी एक. ढुंडीच्या सभासदांनी सवलतीच्या सरकारी वीजजोडणीसाठी अर्ज करण्याचा हक्क २५ वर्षांसाठी सोडला होता, लेखी. तुमच्या बाराजणांना असं काही सोडावं लागणार असेल तर घरोघरी जाऊन, म्हाताऱ्यांसमोर वाचून दाखव. आणि तिथला सुरुवातीचा मोठा खर्च आणंदच्या त्या संस्थेने उचलला होता हेही विसरू नकोस. तुमच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असेल. साठ किलोवॅट म्हणजे चांगल्या उन्हात दिवसाला अडीचशेच्या आसपास युनिट धर, पावसाळ्यात बरीच कमी. त्या हिशेबाने हप्ता बसतोय का बघ, आणि इन्व्हर्टर दहाएक वर्षांनी बदलावा लागतो त्याची रक्कम पहिल्या महिन्यापासून वेगळी काढ. पॅनेल पंचवीस वर्षं जगतं, इन्व्हर्टर नाही. धरनईत हेच राहून गेलं.

सहकार आपल्याकडे नवा नाही असं तू म्हणालास ते खरं आहे. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ साली अन्योन्य सहकारी मंडळी काढली, देशातल्या अगदी पहिल्या सहकारी पतसंस्थांपैकी ती. याच खेडा जिल्ह्यात १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांनी दूधवाल्यांना एकत्र केलं. गुजरातीत संस्थेला मंडळी म्हणतात आणि आपण घरच्यांना मंडळी म्हणतो. मला तो शब्द फार आवडतो. पण विजेचा सहकार महाराष्ट्रातही होऊन गेलाय. नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था कितीतरी वर्षं खेडोपाडी वीज पोचवत होती. थकबाकी साचत साचत शेकडो कोटींवर गेली आणि २०११ मध्ये परवाना संपला तेव्हा संस्थेचं कामच थांबलं. तिथे माणसं कमी हुशार नव्हती. आपल्याच माणसाकडे बिलाचे पैसे मागायला जीभ रेटत नाही, हे मी कंपनीत असूनही अनुभवलंय. म्हणून वसुली गावातल्या एकट्या माणसावर टाकू नकोस. विजेचे पैसे आधी मंडळीच्या खात्यात येऊ देत, हप्ता आणि राखीव रक्कम कापून मग वाटप. दूध डेअरीत कापतात तसं.

आणि सभासद म्हणून सातबाऱ्यावरची नावंच घेणार असशील तर बाराही पुरुष निघतील. पॅनेल धुणार कोण? ढुंडीत ओल्या फडक्याने काच पुसताना मी एका बाईलाच पाहिलं. धूळ बसली की वीज घटते, म्हणजे तिच्या हातावर ती कमाई आहे. प्रत्येक घरातून दोन नावं घाल, एक बाईचं. नाना कुरकुरतील, त्यांना मी समजावेन.

परवा उत्तरायणाला आपल्या गच्चीवर एक मोठा पतंग येऊन मधल्या पॅनेलवर आडवा पडला, मांजा खाली अडकलेला. बाबांना वर चढू दिलं नाही. तीन दिवस तो तसाच होता आणि रोजचे युनिट बघ, बारा-तेरावरून आठवर. पॅनेल एका ओळीत जोडलेली असतात, एकावर सावली पडली की सगळ्या ओळीची वीज उतरते. म्हणून शेवग्याची आणि बाभळीची झाडं कुठल्या बाजूला आहेत ते आत्ताच बघून ठेव. जानेवारीतलं ऊन कललेलं असतं, सावली लांब पडते. नकाशावर नाही, शेतात उभं राहून बघ.

मी जुन्या खातेवहीच्या पद्धतीचे रकाने आखून एक रजिस्टर तयार करते आहे: आतला मीटर, वेशीचा मीटर, फरक, कपात, वाटप. कॉम्प्युटरवर तुझं तू कर, पण गावात वही लागते, ज्याला हवी त्याला उघडून बघता येते. होळीला येशील तेव्हा घेऊन जा.

आणि एवढं कर. नऊही विहिरींना दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे ते लिहून घे, फेब्रुवारीत एकदा, मार्चअखेर एकदा. नानांच्या विहिरीचं मला लगेच कळव.

तुझी,
आई