आज्जी, इथंपण एक गाव पाण्याखाली आहे

प्रिय आज्जीला साष्टांग नमस्कार, आई-आण्णांना नमस्कार. चिऊ, हे आज्जीला सावकाश वाचून दाखव, घाई करू नकोस, मधे तिला काय बोलायचं असेल ते बोलू दे आणि ते फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव, कशासाठी ते शेवटी कळेल.

आधी खुशाली. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतंय, ताप वगैरे काही नाही. फोन लागत नाही म्हणून आई रडत होती असं दादा म्हणाला, आई तू असं करू नको गं, आम्ही राहतो त्या गावात टॉवर नाही, होडीनं नदीनं खाली गेलं की एका वळणावर रेंज मिळते. म्हणून हे रात्रीच टाईप करून ठेवतोय, उद्या सामान आणायला आत्जोनीच्या धक्क्यावर जाणार आहे तेव्हा तिथून पाठवीन. आपल्यात आणि इथं साडेआठ तासांचा फरक आहे, तुम्ही संध्याकाळी सातला देवापुढं दिवा लावता तेव्हा इथं सकाळचे साडेदहा झालेले असतात आणि मी कुठल्यातरी छपरावर सोलर पॅनलचे नट आवळत असतो. तेव्हा रोज तुमची आठवण येते एवढं खरं.

आज्जी तू विचारलं होतंस की सुरीनाम म्हणजे नेमकं कुठं. दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलच्या वरच्या अंगाला. आख्ख्या देशात माणसं सहा लाखाच्या आसपास आणि बाकी सगळं रान. शंभर एकर जमीन धरली तर त्र्याण्णव एकर जंगल असा हिशोब आहे. राजधानी पारामारिबो, तिथं निम्म्या दुकानांवर आपल्यासारखी नावं दिसतात कारण 1873 साली लाला रूख नावाच्या जहाजातून पहिल्यांदा भारतातली माणसं इथं उसाच्या मळ्यावर आणली, बहुतेक युपी-बिहारकडची, त्यांची नातवंड-पतवंडं आता इथलीच झालीत. ते सरनामी बोलतात, मला अर्धी समजते, त्यांना माझी हिंदी समजते. पण मी जिथं काम करतो तिथं ते लोक नाहीत, तिथं सारामाका लोक आहेत आणि तिथली गोष्टच वेगळी आहे.

पारामारिबोहून पिकअपनं तीन-साडेतीन तास आलं की आत्जोनी येतं आणि तिथं रस्ता संपतो. पुढं फक्त सुरीनाम नदी. आपल्या बामणोलीच्या धक्क्यावर कसं लाँचसाठी पोती, कोंबड्या, सिलेंडर, पोरं सगळं एकत्र उभं असतं अगदी तस्संच. होडीला इथं कोर्याल म्हणतात, एका आख्ख्या झाडाचं खोड कोरून, वरून फळ्या ठोकून केलेली लांबलचक होडी, मागं इंजिन, आणि पुढं टोकावर एक माणूस काठी घेऊन उभा. त्या पुढच्या माणसावर सगळं असतं, कारण नदीत जागोजागी खडक आहेत, त्या खळखळाटाला सुला म्हणतात, आणि आता पाऊस थांबून मोठा उन्हाळा लागलाय, ऑगस्ट ते नोव्हेंबर इथं कोरडं असतं, त्यामुळं पाणी उतरलंय आणि खडक वर आलेत. गेल्या महिन्यात आमच्या कंत्राटदारानं दोन खेपांचं सामान एकाच खेपेत पाठवायला लावलं, होडी भरून काठाला पाणी टेकलेलं, आणि एका सुलात बूड घासलं ते आडवीच झाली. पुढचा माणूस काही न बोलता कंबरभर पाण्यात उतरला, पाठ लावून होडी धरली, आम्ही बाकीचे पण उतरलो. इन्व्हर्टरचे दोन खोके भिजले, ते गेलेच. माणसं सगळी धड आहेत. त्या दिवसापासून मी सांगून टाकलंय की जास्त वजन घेऊन मी बसणार नाही, मग खेपा कितीही होऊ देत.

आम्ही राहतो ते गाव पिकिन स्ली नावाच्या मोठ्या गावाच्या आसपास आहे. होडीतून उतरून वर चढलं की गावाच्या वाटेवर दोन खांबांमधे ताडाच्या कोवळ्या पानांची झालर बांधलेली दिसते, खाली लोंबणारी, तिच्याखालनं वाकून आत जायचं. वाईट काही असेल ते तिथंच बाहेर अडतं असं मानतात. पहिल्या दिवशी ते तोरण बघितलं आणि आज्जी, तू दसऱ्याला दारावर आंब्याचे टाळे बांधतेस ते डोळ्यापुढं आलं. सकाळी माणूस भेटला की हे लोक विचारतात, उठलास का? आपण म्हणायचं, उठलो. पुढं तो म्हणणार, मीपण उठलो. रोजचं आहे हे, आणि कुणी उत्तर दिलं नाही तर त्यांना वाईट वाटतं. आपल्याकडं वाटेत भेटल्यावर "जेवलास का" विचारतात त्यातलाच प्रकार.

ह्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. डच लोकांच्या मळ्यातून पळाले, नदीनं वर वर सरकत ह्या रानात शिरले आणि मागं आलेल्या फौजांशी पिढ्यानपिढ्या लढले. शेवटी 1762 साली डचांनाच ह्यांच्याशी तह करावा लागला. देशातली गुलामी कायद्यानं बंद झाली 1863 ला, म्हणजे हे त्याच्या शंभर वर्ष आधी स्वतःच्या जोरावर मोकळे झालेले. ती तहाची तारीख इथं पोरासोरांना पाठ आहे आणि आपण शिवाजी महाराजांचं सांगतो तसं हे लोक त्या पळालेल्या माणसांचं सांगतात, आवाज बदलतो सांगताना.

आता जिच्या घराशेजारी मी राहतो तिचं सांगतो. सगळे तिला मामा म्हणतात, ह्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई. पहिल्यांदा हाक मारताना जीभ अडली, आता सवय झाली. सत्तरीला आलेली असेल, कंबरेला पांगी गुंडाळलेली असते, पांगी म्हणजे रंगीत पट्ट्यापट्ट्यांचं कापड, सकाळी अंधार असतानाच शेतावर जाते. शेत म्हणजे आपली कुमरीच की, रान तोडायचं, वाळलं की जाळायचं, राखेत पेरायचं, दोन-तीन वर्षांनी जागा सोडायची. आज्जी तुम्ही वरच्या डोंगरावर नाचणीला जे करायचात तेच, फक्त इथं नाचणीच्या जागी कसावा, कोरडवाहू भात आणि भुईमूग.

कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो ते कंद. पण इथली कडू जात, कच्ची खाल्ली तर माणूस मरेल एवढं विष असतं तिच्यात. मामा ते कंद सोलते, किसते, आणि मग तो ओला कीस मातापीत भरते. मातापी म्हणजे विणलेली लांब नळी, माणसाच्या उंचीची, आपल्या बुरडानं विणावी तशी पण तिरप्या विणीची. ती आढ्याला टांगतात, खालच्या फासात एक दांडा घालतात आणि त्या दांड्यावर मामा जाऊन बसते. तिच्या वजनानं नळी ताणली जाते, ताणली की बारीक होते, बारीक झाली की आतला कीस पिळला जातो आणि पांढरट पाणी टपटप खाली भांड्यात पडतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा काम सोडून अर्धा तास बघतच राहिलो, ना स्क्रू ना हँडल, नुसत्या विणीवर चालणारा प्रेस आहे तो. त्या पाण्याजवळ ती कोंबडीलासुद्धा फिरकू देत नाही. भांड्याच्या तळाशी पांढरा सत्त्वाचा थर बसतो, आपल्याकडं साबुदाणा त्या सत्त्वाचाच करतात. मग कीस चाळून मोठ्या लोखंडी तव्यावर पसरते, परातीपेक्षा मोठी भाकरी, भाजून उन्हात पत्र्यावर वाळत टाकते, ती कितीतरी दिवस टिकते. माझ्या एकादशीला ही भाकरी आणि शेंगदाण्याचं कालवण असा उपास होतो, चालतं ना गं आज्जी?

आजारपणाची काळजी करता म्हणून लिहितो. नदीवर ठराविक गावांत मेडिकल मिशनचे दवाखाने आहेत, तिथं इथलीच शिकवून तयार केलेली आरोग्यसेवक माणसं बसतात, अडलं तर पारामारिबोच्या डॉक्टरला विचारतात, आणि फारच असेल तर छोट्या विमानानं शहरात नेतात. आणि मलेरियाचं तुम्हाला वाटतं तसं राहिलेलं नाही, जून 2025 ला जागतिक आरोग्य संघटनेनं सुरीनाम मलेरियामुक्त म्हणून जाहीर केलं, अख्ख्या अमेझॉन भागातला पहिला देश. गावातल्या माणसांनी घरोघरी रक्त तपासून हे केलंय, मला फार मोठी गोष्ट वाटते ही. शाळेचं मात्र वाईट वाटतं. घरात पोरं सारामाका बोलतात आणि शाळेत एकदम डच, त्यात सातवी-आठवीच्या वयाला शिकायचं तर बहुतेकांना घर सोडून शहरात जावं लागतं. आण्णा, तुम्ही मेढ्याला मावशीकडं राहून शिकलात ते आठवलं.

बाकी ओल एवढी की चामड्याच्या पट्ट्याला दोन दिवसांत बुरशी येते. पॅनल लावायला उजेडाची जागा शोधणं हेच अर्धं काम, कारण झाडं शंभर-सव्वाशे फूट. जंक्शन बॉक्समधे मुंग्या घर करतात, प्रत्येक केबलच्या भोकाला सिलिकॉन भरावं लागतं, एकाला जरी विसरलो तरी आठवड्यात आत राणी बसलेली असते. गावाबाहेर एक पांढरी सावर आहे, आपल्याकडं असते तीच जात पण बुंधा एवढा की सात-आठ माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाही. तिला देव मानतात, तोडायचं नावसुद्धा काढत नाहीत. तिची सावली आमच्या पॅनलवर दुपारनंतर येते, इंजिनियर म्हणाला फांदी काढा, गावचे कप्तान म्हणजे आपले पाटील, ते नाही म्हणाले, मग आम्हीच स्ट्रक्चर चाळीस फूट सरकवलं. मला ते बरोबर वाटलं. आपल्या देवराईतली काटकी आपण उचलतो का?

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

ह्या गावात आत्तापर्यंत लाईट म्हणजे डिझेलचा जनरेटर, संध्याकाळी चार-पाच तास, तोसुद्धा सरकारी डिझेल होडीनं आलं तर. परवा आम्ही मामाच्या घरात सोलरचा पहिला दिवा लावला. पोरं ओरडली, नाचली. मामा दिव्याकडं बघत उंबऱ्यात बसली आणि बऱ्याच वेळानं काहीतरी बोलली. माझ्याबरोबर काम करणारा इथला पोरगा आहे त्यानं मला मोडक्या इंग्लिशमधे सांगितलं, ती म्हणते आमच्या नदीवरची लाईट साठ वर्षांनी आमच्या घरी आली, तीपण नदीची नाही, सूर्याची.

आज्जी, ह्याच नदीवर खाली अफोबाका नावाचं धरण आहे. 1964 ला झालं, ज्या साली आपलं कोयनेचं पूर्ण झालं त्याच साली. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पाहिजे म्हणून बांधलं. पंधराशे चौरस किलोमीटरच्या वर पाणी पसरलं, आपल्या कोयनेचा शिवसागर त्यापुढं काहीच नाही. सहा हजाराच्या आसपास माणसं उठवली, अठ्ठावीसेक गावं गेली. झाडंसुद्धा तोडली नाहीत, तशीच बुडवली, आजपण त्या पाण्यातून वाळलेली खोडं उभी दिसतात, मी रस्त्यानं येताना बघितली तेव्हा मला वाटलं आग लागून गेली असेल. रानातली जनावरं बुडू नयेत म्हणून तेव्हा बाहेरून लोक आले होते, दहा हजाराच्या जवळपास जनावरं होड्यांनी वाचवली, हे चांगलंच केलं. पण मामा तेव्हा सात-आठ वर्षांची, तिला एवढंच आठवतं की म्हातारी माणसं म्हणायची नदी कुणाच्या बापाला अडवता येत नाही, आणि शेवटी पाणी परसात आलं तेव्हा निघाले. काहींना खाली वसाहतीत नेलं, काही वर आले, तिची आई वर आली.

मी तिला तुझं सांगितलं, आपलं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं ते. आबा शेवटच्या पावसापर्यंत भात लावत होते ते, आणि मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाची जोती दिसतात आणि तू लाँचमधून हात जोडतेस ते. आपल्या धरणाची लाईट मुंबईला गेली आणि आपल्या घरात मात्र आण्णांचं लग्न होईपर्यंत कंदील होता ते. पोरगा एकेक वाक्य तिला सांगत होता आणि ती प्रत्येक वाक्याला मान हलवून "खरं" म्हणत होती. इथं बैठकीत बोलणाऱ्याला असा हुंकार द्यायची पद्धतच आहे, पण आज्जी, ती पद्धत म्हणून देत नव्हती.

हे लोक गप्प बसले नाहीत एवढं मात्र सांगतो. पुढं जंगलतोडीचे ठेके द्यायला लागले तेव्हा नदीवरच्या गावांनी एकत्र येऊन आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात केस केली आणि 2007 ला जिंकले, जमीन ह्यांची आहे आणि ह्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही असा निकाल आहे. सगळा अंमलात आलेला नाही, अजून भांडतायत. आण्णा, तुम्ही आणि कोयनेवाले पुनर्वसनासाठी कलेक्टर कचेरीपुढं बसायचात तेव्हा मी लहान होतो, मला राग यायचा की तुम्ही घरी का नाही. आता येत नाही.

मामानं विचारलं, तुझ्या आजीनं घर सोडताना काय उचललं? तिच्या आईनं कसाव्याचा तो लोखंडी तवा आणला होता, मामा अजून त्याच्यावरच भाजते, एका बाजूला चीर गेलीय. मी म्हणालो जातं. तिला जातं माहीत नाही, मी दोन दगड एकावर एक ठेवून फिरवून दाखवले. तिनं तो वरचा दगड हातात घेतला, वजन बघितलं आणि विचारलं, एवढं जड कुणी उचललं, डोंगर कुठला चढली, किती दिवस लागले?

मला ह्यातलं काहीच माहीत नाही आज्जी. तू कधी सांगितलं नाहीस आणि आम्ही विचारलं नाही. चिऊ, आता रेकॉर्डिंग चालू कर.

तुझा नातू