ऑपेराच्या पट्टीवर मराठी हवी

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र शासन, यांस
सप्रेम नमस्कार.

मुंबईत इटालियन ऑपेरा करायचा म्हटले की खर्चाचा कागद नेपथ्य, वाद्यवृंद आणि गायकांच्या प्रवासाने भरून जातो. आमची मागणी त्या मानाने लहान आहे. शासनाच्या अनुदानातून होणाऱ्या प्रत्येक ऑपेराला रंगमंचाच्या वर मराठी शब्दपट्टी, म्हणजे गायल्या जाणाऱ्या ओळींचे भाषांतर दाखवणारी पट्टी, असावी आणि तिच्यासाठी वेगळी रक्कम राखून ठेवावी.

इटालियन संगीतकार व्हर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा घ्या. व्हर्दीला तो स्वतःच्या काळातल्या वेशात करायचा होता. व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात ६ मार्च १८५३ रोजी पहिला प्रयोग झाला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी काळ १७०० च्या सुमारास मागे नेला. आज दिग्दर्शक नायिका व्हियोलेत्ताला जीन्समध्ये उभी करतात, तो त्यांचा अधिकार आहे. पण ती काय बोलते आहे हे कळल्याशिवाय नुसत्या कपड्यांनी ती जवळची होत नाही.

इथे मराठी जे करू शकते ते इंग्रजीला जमत नाही. पहिल्या अंकात व्हियोलेत्ता तिच्या प्रेमात पडलेल्या आल्फ्रेदोला ‘तुम्ही’ म्हणते. गावच्या घरात एकत्र राहू लागल्यावर ती ‘तू’वर आलेली असते. त्याला सोडून गेल्यावर, मैत्रीण फ्लोराच्या घरच्या जुगाराच्या प्रसंगात, पुन्हा ‘तुम्ही’: इथून निघून जा, तुमच्यावर संकट आहे. मग तो भर मैफलीत पैसे फेकून तिचा अपमान करतो, आणि त्यानंतर ती अगदी क्षीण आवाजात गाते, ‘आल्फ्रेदो, या हृदयातले सगळे प्रेम तुला कळणारच नाही.’ अपमानानंतर आलेला हा ‘तू’ हे त्या प्रसंगाचे काळीज आहे. इंग्रजी पट्टीवर सगळीकडे एकच ‘यू’ दिसतो. म्हणूनच भाषांतर थेट इटालियनवरून व्हावे. इंग्रजीवरून केले की हे सगळे वाहून जाते.

पट्टी चुकते कुठे, तेही सांगतो. रोमन लिपीसाठी आखलेल्या दोन ओळींच्या चौकटीत देवनागरी बसवली की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. ओळींमधले अंतर वाढवावे लागते, आणि मग एका पट्टीत मजकूर कमीच मावतो. पुनरावृत्ती दरवेळी दाखवायची नाही. एकदा दाखवून पट्टी कोरी ठेवायची. समूहगानात सगळ्यांचे शब्द दिले तर कोणाचेच वाचून होत नाहीत. तिसऱ्या अंकात खोली अंधारी असते, तेव्हा पट्टीचा उजेड उतरवला नाही तर तो मरणशय्येवर सांडतो.

सर्वांत नाजूक गोष्ट वेळेची. त्याच अंकात व्हियोलेत्ता आल्फ्रेदोच्या वडिलांचे, जेर्मोंचे, पत्र न गाता वाचते, खाली व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून चालू असते. पत्र संपते आणि ती म्हणते, ‘उशीर झाला!’ हे दोन शब्द तिच्या ओठांआधी पट्टीवर आले तर प्रसंग तिथेच संपला. त्यामुळे पट्टी बदलण्याची कळ दाबणारा माणूस स्वरलिपी वाचणाराच हवा. त्याच्या हातात पट्ट्यांचे क्रमांक टाकलेली पियानो-प्रत (गायन आणि पियानोपुरती आटवलेली स्वरलिपी) हवी, आणि वाद्यवृंदासह होणाऱ्या निदान दोन तालमींना तो बसलेला हवा. आयत्या वेळी आणलेला संगणकचालक हे करू शकत नाही.

तेव्हा अनुदानाच्या अटींत एवढे घालावे: इटालियन जाणणारा अनुवादक, स्वरलिपी वाचणारा चालक, दोघांचे मानधन, आणि रंगमंचावरील तालमी सुरू होण्याआधी पूर्ण झालेली पट्ट्यांची संहिता. मूळ कृतीवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. व्हर्दी १९०१ मध्ये वारला, संहिताकार प्याव्हे त्याच्याही आधी. तयार झालेली मराठी संहिता शासनाकडे जमा व्हावी आणि पुढच्या संस्थेला विनामूल्य मिळावी. प्रत्येक पट्टीपुढे स्वरलिपीतला मात्राखंडाचा क्रमांक मात्र नोंदलेला असावा. जेर्मोंच्या मोठ्या गाण्यामागून येणारे जलद गाणे बरेच दिग्दर्शक गाळतात. क्रमांक असले की तेवढ्या पट्ट्या काढून बाकीची संहिता जशीच्या तशी वापरता येते.

आपले,
संगीत रंगभूमीवर काम करणारे काही जण