माझ्या कंबरदुखीवर उपचार करणाऱ्या त्या आयुर्वेदिक दवाखान्यातल्या सगळ्यांना थँक्यू!

कंबर धरूनच गेले होते, धड बसताही येत नव्हतं. वैद्यबाईंनी पाऊण तास नुसतं ऐकून घेतलं, झोप, पोट, टेन्शन सगळं विचारलं आणि बीपीची गोळी बंद करायची नाही हं, असं दोनदा बजावलं, हे मला फार आवडलं. कटीबस्ती करणाऱ्या ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं हो! कमरेवर उडदाच्या पिठाचं गोल आळं थापून तेल ओतायच्या आधी दर वेळी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायचात, गार झालं की बदलायचात. दुखणं पूर्ण गेलं असं नाही म्हणणार, पण काल सँडलचा पट्टा स्वतः वाकून लावला. आणि पायऱ्यांवर रोज हात देणारे ते काका, खरंतर तेही पेशंटच, त्यांचेही खूप खूप आभार.